निरोगी माणूस

यंत्राच्या चाचणीसाठी निरोगी माणसं हवी होती, म्हणून मृदुलाने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. पन्नाशी उलटली तरी श्रीरंग दर रविवारी गड चढायचा. शर्ट काढून तो टेबलावर डाव्या कुशीवर आडवा झाला आणि म्हणाला, "ताई, गुदगुल्या होतायत."

हृदयाचा स्नायू किती ताठर झालाय, हे नेमकं कळायला एरवी हृदयात नळी घालावी लागते. मृदुलाने बनवलेलं यंत्र ते बाहेरूनच, सोनोग्राफीने मोजायचं. ते स्नायूतून जाणारी बारीक लहर टिपायचं. स्नायू जितका ताठर, तितकी लहर वेगाने धावायची.

श्रीरंगची लहर फारच वेगाने धावली. मृदुलाने पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. मग त्याला उठवून ती स्वतः टेबलावर झोपली आणि सहकारी डॉक्टरांना मोजायला सांगितलं. तिचा आकडा अगदी हवा तसा आला.

"बिघडलं वाटतं तुझं यंत्र," श्रीरंग शर्टाची बटणं लावत म्हणाला.

हे यंत्र चुकत नाही, असं ती वर्षानुवर्षं सगळ्यांना पटवत आली होती. आज पहिल्यांदाच, ते चुकलेलं असू दे, असं तिला वाटलं.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "हल्ली दम लागतो का रे?"

त्याचे हात बटणावरच थांबले. "लागतो. वयाने असेल म्हणून बोललो नाही."

पुढच्या तपासण्यांत आजार निघाला, पण सुरुवातीचा, औषधांनी आवरण्यासारखा. यंत्राचं ते पहिलं यश होतं. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं, तेव्हा आभार मानायला मृदुलाला बराच वेळ लागला.