नाव न घेता

"त्यांना ते परत देऊ नका," दुर्गाबाई देवधर म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

विधानसभेची आचारसंहिता दोन दिवसांपूर्वी उठली होती. निवडणुकीआधी कोथरूडच्या परवानाधारकांनी जमा केलेली शस्त्रे आता परत करायची होती. फौजदार बद्रीनाथ वानखडे यांच्यासमोर त्याचीच नोंदवही उघडी होती.

"कोणाला?"

"नाव माझ्या तोंडून नको."

नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका वानखड्यांच्या अमरावतीतही होत्या. त्यांनी नोंदवहीवरून बोट फिरवले. देवधर गोपाळकृष्ण, निवृत्त बँक अधिकारी, रिव्हॉल्वर एक.

"घरचंच माणूस?"

"घरचंच. म्हणून तर लाज वाटते."

"हात उचलतात?"

बाईंनी खिडकीकडे पाहिले. "सहा वर्षं सोसतोय. चारचौघांत इतकं गोड बोलतात, की सांगून कोणाला पटायचं नाही. परवा म्हणाले, हत्यार हातात येऊ दे, मग बघतो."

"लेखी द्या."

"संसार मोडेल."

"बाई, परवाना हा माणसाचा हक्क आहे. ऐकीव गोष्टीवर तो अडवता येत नाही."

"ठीक. प्रेत पडलं की लेखी देईन."

त्या गेल्यावर वानखड्यांनी नोंदवही पुढे ओढली. ते विज्ञानाचे पदवीधर होते. दोन चुकांचे वजन सारखे नसते, हे त्यांना ठाऊक होते. निरपराध माणसाचे शस्त्र महिनाभर अडले, तर एक तक्रार अर्ज वाढेल. अपराध्याला ते मिळाले, तर एक माणूस कमी होईल. त्यांनी देवधरांच्या नावापुढे लिहिले : चौकशी प्रलंबित, परत करू नये.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोपाळकृष्ण देवधर आले.

"कारण?"

"चौकशी आहे."

"कसली?"

"ते सांगता येणार नाही."

"वा. म्हणजे आरोप गुप्त, साक्षीदार गुप्त, शिक्षा तेवढी उघड. आपण फौजदार आहात की ज्योतिषी?"

"आवाज खाली ठेवा, काका."

"मला ते आजच हवंय." त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"आजच का?"

"तो आमच्या घरचा प्रश्न आहे," एवढेच म्हणून देवधर तरातरा निघून गेले. वानखड्यांनी आपला निष्कर्ष पुन्हा तपासला. निरीक्षणे त्याच्याशी जुळत होती.

दुपारी राजस आपटे आला. वय पस्तिशीचे, हिंजवडीत स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, क्रमाने लावलेले.

"सर, खरंच अवघड काम आहे तुमचं," तो म्हणाला. "लोक समजून घेत नाहीत."

वानखड्यांनी पिस्तुलाचा क्रमांक ताडून पाहिला, काडतुसे मोजून दिली. राजसने दोन्ही बॅगेत ठेवून चेन लावली.

"सगळे तुमच्यासारखे असते, तर बरं झालं असतं," वानखडे म्हणाले आणि सहीसाठी नोंदवही पुढे सरकवली.

सही करता करता राजसची नजर वरच्या ओळीवर थांबली.

"देवधरांचं अडकलं वाटतं? बरं केलंत, सर. सासरे आहेत माझे, हल्ली फार तापट झालेत," तो हसून म्हणाला. "आता तिकडेच निघालोय. बायको परवापासून त्यांच्याकडे जाऊन बसलीय, तिला न्यायला."