आतली बाजू

"पेटला!" नेव्हिल लहान मुलासारखा ओरडला. गीझरच्या फटीतून निळी ज्योत दिसत होती, आणि नळीतून पडणाऱ्या पाण्याला वाफ सुटली होती.

त्याचा मेहुणा क्लाइव्ह नेव्हिलच्या खिडक्या धुण्याच्या व्हॅनखालून सरपटत बाहेर आला. गॅसची कामं करण्यात क्लाइव्हचा जन्म गेला होता, तरी या एका गीझरने त्याचा अख्खा रविवार खाल्ला होता. पाण्याच्या टाकीशेजारी गीझर बोल्टांनी आवळायचा, धूर जायला छतातून नळकांडं काढायचं, गॅस गळलाच तर खालून निघून जावा म्हणून व्हॅनच्या तळाला भोक पाडायचं, सिलिंडर पट्ट्यांनी उभा बांधायचा. एवढं करून तो प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसला होता. एकही आला नाही.

"मागचं दार उघडं ठेवल्याशिवाय पेटवायचा नाही," त्याने दम दिला. "आणि काच झाकोळेल हां. गारठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की वाफ धरणारच. पुसत बसू नकोस, आपोआप निवळते."

"पंचवीस वर्षं खिडक्या धुतोय मी. मला शिकवतोस?"

"मग काय, बोटं झडल्यावर शिकवू?"

क्लाइव्हची जीभ तिखट, पण बोलला ते खोटं नव्हतं. हॅलिफॅक्सच्या थंडीत नेव्हिलची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडत. मग त्यांत काहीच कळेनासं होई, हातातला लांब दांड्याचा ब्रश आहे की सुटला हेसुद्धा. अजून एक हिवाळा असा काढलास तर काम सोडावं लागेल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडून करणार काय? दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

खरं तर गीझरचा धोशा लावला होता मिसेस सगडननी. चौऱ्याऐंशी वर्षांची एकटी बाई. दर चौथ्या मंगळवारी नेव्हिल मागच्या दाराशी पोचला की त्या चहाचा मग घेऊन बाहेर येत, त्याच्या दोन्ही हातांत कोंबत आणि बोटांना रंग येईपर्यंत समोर उभ्या राहत. आत ये असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि तोही कधी गेला नाही. त्याच्या पहिल्या मालकाने त्याला शिकवलंच होतं तसं: काचेला बाजू दोन. बाहेरची आपली, आतली घरवाल्यांची. आतल्या डागाच्या नादी लागलास तर संध्याकाळपर्यंत एका गल्लीतच मरशील.

"मी गेल्यावर कोण देणार रे तुला चहा?" मिसेस सगडन म्हणत. "ते गरम पाण्याचं यंत्र बसव एकदाचं, गाढवा!"

म्हणून त्या मंगळवारी तो सगळी घरं सोडून आधी त्यांच्याकडे गेला. केव्हा एकदा त्यांना दाखवतो असं त्याला झालं होतं. रस्त्यावर पांढरं दहिवर पडलं होतं. त्याने गीझर पेटवला, नळी ओढत मागे नेली आणि वरच्या खिडक्या धुऊन मागच्या काचेच्या दाराशी आला. गरम पाणी पडताच सगळी काच पांढरी झाली. आतलं काही दिसेना. तो मुद्दाम मोठ्याने शीळ घालत राहिला. खाली, गुडघ्याच्याही खाली, वाफेतून एक डाग तेवढा दिसत होता. त्याने ब्रश फिरवला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा जोर लावून घासला.

"आतला आहे," तो पुटपुटला.

चहा आला नाही. गीझर आला, आता याला चहा कशाला, असं म्हाताऱ्या बाईला वाटलं असेल. पुढच्या खेपेला यंत्र दाखवायला आणतो असं गेल्या वेळी सांगून गेलो होतो, तरी? नेव्हिलला वाईट वाटलं, अगदी रुसल्यासारखं. पण हात बघितले तर गुलाबी होते. काच निवळायची वाट न बघता त्याने नळी गुंडाळली आणि तो पुढच्या घरी गेला. त्या दिवशी त्याची रोजच्यापेक्षा सहा घरं जास्त झाली.

चार आठवड्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा मागचं दार एका तरुण बाईने उघडलं. तिच्यामागे स्वयंपाकघरात खोक्यांचा ढीग होता.

"मी फिलिपा, त्यांची भाची. आत्या गेली हो. इथेच पडली, खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीला पत्ता लागला तो गुरुवारी."

"पडल्या कधी?"

"मंगळवारी सकाळी, आज चार आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत तरी जिवंत असणार." तिने नाक पुसलं. "घर विकायला काढलंय. बाहेरून तुम्ही लख्ख ठेवलंयत. तेवढं हे दार आतून पुसाल का? मला हात लावायचा धीर होत नाही."

नेव्हिलने बूट काढले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकत होता. दार लोटून घेतलं तसं काचेवर ऊन आलं, आणि खालच्या बाजूला पाच बोटं उमटलेली दिसली. एका हाताची, बारकी, पसरलेली. त्यांच्यावर पुन्हा तीच, आणि पुन्हा तीच.

तो गुडघ्यांवर बसला. फडकं हातात तसंच राहिलं. बाहेर व्हॅनमध्ये गीझर चालू होता.

"निघेल ना हो तो डाग?" फिलिपाने विचारलं.

"आतून निघेल," नेव्हिल म्हणाला. "त्या मंगळवारी मी बाहेरून तीनदा घासला होता."