भारद्वाजाच्या दर्शनाला

ऊन रहाटीतल्या झाडांच्या शेंड्यांवर आलं तरी भारद्वाज दिसेना. राहीबाईंचं चैत्रातलं व्रत होतं. त्याचं दर्शन झाल्याशिवाय पाणीही तोंडात घालायचं नाही. भाचा महिपत याला घेऊन त्या कालच पोलादपूरहून तुडीलला मुलगी पाहायला आल्या होत्या. पाहुणी उपाशी परतली तर सोयरीक कसली जुळणार?

म्हणून बनुबाई आपल्या सगुणाला घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या होत्या. देवाची रहाटी, त्याच्या नावानं राखलेलं रान, म्हणून चपला कडेला काढून चौघं तळ्याच्या वाटेला लागली. बनुबाईंनी लेकीला बारीक चिमटा काढला. "तोंड आवर गो आज. दोन सोयरिकी तुझ्या जिभेनं गेल्या."

सगुणानं मान डोलावली आणि लगेच ओरडली, "आत्याबाई, मूळ हाय हां वाटेत, मोठं!"

महिपत आत्याचा हात धरून, मान खाली घालून चालला होता. म्हातारीला किती जपतो, बनुबाईंना वाटलं. परक्या बायकांसमोर नजरसुद्धा वर नाही. असा जावई देवानंच धाडावा.

तळ्यावर पांगारा लाल फुलला होता आणि पाखरांचा नुसता बाजार भरला होता.

"अगो बाय! खंड्या पडला पाण्यात! मासा घेऊन आला वर!" सगुणा नाचायलाच लागली. "काय निळा हाय!"

"आत्या, विचार की," महिपत हळूच म्हणाला, "कसा निळा?"

"बघा, आमचा पोरगा मुका नाय हो!" राहीबाई हसल्या.

बनुबाईंनी डोळे वटारले. सगुणानं तिकडं पाहिलंच नाही. "तापल्या वाटेनं येऊन तळ्यात पाय सोडला की कसं गार वाटतं? तसा निळा. नि वर हळद्या बसलाय, तो पिवळा म्हंजे सकाळच्या उन्हाला पाठ देऊन बसावं, तसा!"

महिपत खुदकन हसला. बनुबाईंनी कपाळाला हात लावला. गेली, हीसुद्धा गेली.

तेवढ्यात हूप हूप हूप असा घुमता आवाज आला. महिपतनं हात उचलला. "करवंदीच्या जाळीत."

सगुणा वाकली, पुढं झाली, थरारली. "हायच तो! काळं अंग, तांबडे पंख, डोळा गुंजेसारखा! या आत्याबाई, हळू या. शेपूट ओढत चाललाय, सासरी निघालेल्या नवरीवाणी!"

राहीबाईंनी दर्शन घेतलं. जोडलेले हात बराच वेळ सुटले नाहीत. मग त्यांनी भाच्याकडं पाहिलं. "पोरा?"

"पसंत हाय, आत्या. पण आधी सांग त्यांना."

राहीबाई बनुबाईंकडं वळल्या. आवाज एकदम खाली आला. "देवाच्या रहाटीत लपवाछपवी नको. घरी वाडी हाय, गुरं हायत, खाऊन-पिऊन बरं हाय. पण महिपतला जन्मापासून दिसत नाय. नको म्हणालात तरी राग नाय."

बनुबाई मटकन खाली बसल्या. त्या लेकीकडं बघत राहिल्या.

सगुणानं हात देऊन आईला उठवलं, तिच्या लुगड्याची माती झटकली.

"चल आये, साखर वाटायची तर घरी जायला नको? नि एवढी बडबड मी काय पाखरांसाठी करत होते?"