फिटरमामांची नाडी

नाडी पुन्हा वाढली होती. सेकंड ऑफिसरने मामांच्या मनगटावरची बोटं काढली, जरा थांबून परत मोजली. तेवढीच आली.

मामा म्हणजे जहाजाचे फिटर. सगळे त्यांना मामाच म्हणत. सकाळी इंजिनरूमच्या शिडीवरून त्यांचा पाय सटकला आणि ते खालच्या कठड्यावर पोटावर आपटले. आपले आपण उठले, कपडे झटकले, बघणाऱ्यांना म्हणाले की हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि कामाला लागले. जेवायच्या वेळी मात्र मेसच्या दारातच त्यांनी बसकण मारली. चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता. तिथून त्यांना आजाऱ्यांच्या खोलीत आणून निजवलं.

जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांचं कपाट सेकंड ऑफिसरकडे असतं. जहाजाने कुठून कसं जायचं, त्या रेघा नकाशावर ओढायचं कामही तिचंच. तिने रेघ ओढल्याशिवाय हे जहाज कधी दिशा बदलत नसे. वळायचं झालं की कॅप्टन आधी तिला हाक मारी, मग सुकाणूवरच्या माणसाला.

किनाऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई फोनवर एकेक विचारत गेल्या. पोट कडक लागतंय का? डावा खांदा दुखतोय का? मामांना नवल वाटलं. खांदा दुखतोय खरा, पण खांद्यावर तर मी पडलोच नाही, म्हणाले. मग बाईंनी शांतपणे सांगितलं की पोटात आतल्या आत रक्त जातंय. सलाईन चालू ठेवा, ऑक्सिजन लावा, तोंडाने पाणीसुद्धा नको. पुढचं काम ऑपरेशनच्या टेबलावरच होणार, आणि माणूस तिथवर किती लवकर पोचतो यावर सगळं आहे.

कॅप्टन दारात उभे राहून ऐकत होते. बाईंचं बोलणं संपायच्या आधीच ते "हं" म्हणाले आणि निघून गेले.

तिला नकाशा बघायची गरज नव्हती. सगळ्यात जवळचं बंदर मागे राहिलं होतं. पुढचं फार लांब होतं. म्हणजे आता वळायचं, आणि लगेच वळायचं. कुठल्याही क्षणी वरून बोलावणं येईल म्हणून तिने सलाईनची बाटली कशी धरायची, थेंब कसे मोजायचे, हे कुकला समजावून ठेवलं.

बोलावणं आलं नाही.

समुद्र तव्यासारखा सपाट होता. मामांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून तिने पडदा ओढून घेतला होता. खोलीत इंजिनाची नेहमीची घरघर तेवढी होती. कालच जेवताना कॅप्टन म्हणाले होते की या फेरीत एक तासही वाया जाऊ देणार नाही. आता ते वाक्य तिच्या कानात बसलं होतं.

शेवटी तिने कुकला वर पाठवलं. मामांची नाडी वाढतेय, मागे फिरायचं ना, एवढंच विचारून ये म्हणाली. कुक खाली मान घालून परत आला. साहेब नकाशावर वाकले होते, वर बघितलंसुद्धा नाही, असं त्याने सांगितलं. तिला म्हणावं, तिथून हलू नकोस. एवढाच निरोप होता.

हलू नकोस. म्हणजे मध्ये बोलू नकोस. तिचे कान तापले. पण मामांच्या मनगटावरचा हात तिने तापू दिला नाही. घरी तापातल्या लेकीपाशी बसावं तशी ती बसून राहिली. ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपले. माझ्या सासूबाईंनी इतका राग केला माझा, पण पाण्याला कधी नाही म्हणाल्या नाहीत, असं मामा पुटपुटले. ती हसली. मग त्यांनी डोळे उघडून विचारलं, वळलो का आपण?

"वळलो, मामा," ती म्हणाली.

मामा तिच्याकडे बघत राहिले. बरीच वर्षं जहाजावर काढलेला माणूस.

"तुम्ही तर इथेच आहात मॅडम. मग वळवलं कोणी?"

तिने उगाच चादर सारखी केली.

तेवढ्यात दार उघडलं. कॅप्टन आत आले. काखेत गुंडाळलेला नकाशा, चष्मा कपाळावर, बोटं पेन्सिलीने काळी झालेली. पलीकडच्या रिकाम्या खाटेवर त्यांनी नकाशा पसरला आणि पेपर तपासायला शाळेतल्या बाईंसमोर ठेवावा तसा तिच्याकडे सरकवला. एकदा बघून घे, म्हणाले. स्वतः रेघ ओढून फार वर्षं झालीत. हेलिकॉप्टर अर्ध्या वाटेत भेटतंय, अंधार पडायच्या आत.

तिने एक हात मामांच्या मनगटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने नकाशा ओढला. खोडून खोडून कागद फाटायला आला होता. पण रेघ मागच्या बंदराकडेच जात होती. आणि ती सुरू झाली होती तिथून, जिथे डॉक्टरीणबाई फोनवर बोलत असताना जहाज होतं. म्हणजे जहाज तेव्हाच वळलं होतं. एके ठिकाणी रेघ उथळ पाण्याच्या जरा जवळून गेली होती. तिने ती बोटभर बाहेर सरकवली. कॅप्टननी मान डोलावली.

"मला हाक मारायची ना, सर," ती म्हणाली. "हे माझं काम होतं."

कॅप्टन नकाशा गुंडाळायला लागले.

"तुला वर बोलावलं असतं, तर हा कोणाकडे बघत पडला असता?"