चार भिंतींतलं रडणं

"रडलं की नाही, तेवढं सांग."

न्यायाधीशाने तिसऱ्यांदा विचारलं. पिंपं बनवणारा गोंतिए टोपी चुरगाळत उभा होता.

"रडलं, महाराज. आम्ही बारा जण दाराबाहेर होतो. एकदाच, पण खणखणीत."

"आणि मग?"

"मग चिडीचूप."

कारकुनाने लिहिलं: रडणं ऐकलं. एकदा.

मॉरव्हाल जहागिरीची सगळी जमीन त्या एका रडण्यावर टांगलेली होती. रिवाज सरळ होता. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तरी ते जिवंत जन्मलं असेल तर तिची जमीन मरेपर्यंत नवऱ्याची. मेलेलंच जन्मलं असेल तर जमीन तिच्या माहेरच्या रक्ताकडे परत. जिवंत होतं हे रडण्यावरून ठरायचं, आणि ते रडणं पुरुषांनी ऐकलेलं हवं. पुरुषांना बाळंतिणीच्या खोलीत मज्जाव, म्हणून त्यांनी दाराबाहेर कान देऊन उभं राहायचं. खोलीत असलेल्या सुईणीला कोणी विचारत नसे. ती बाई.

कारकून वंश वाचू लागला.

म्हातारा सरदार तुर्केतिल. त्याला दोन मुलगे.
थोरला, धर्मयुद्धात मेला. त्याची एकुलती मुलगी हाविझ, जमीन तिच्या नावे.
धाकटा ऑस्बर्न, हयात.
हाविझचा नवरा फुल्क.
हाविझचं मूल

"इथे काय लिहू?"

"कोरं ठेव," न्यायाधीश म्हणाला.

ऑस्बर्न उठला. साठी उलटलेला माणूस. समुद्राला कुरणांबाहेर ठेवणारा बांध त्याने बापासोबत स्वतःच्या हातांनी घातला होता. पोरक्या हाविझला त्यानेच वाढवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून फुल्कने त्या बांधावर एक दगड ठेवला नव्हता.

"रडलं असेल. पण कोणाचं मूल रडलं?" ऑस्बर्न म्हणाला. "सुईण हर्सेंट टोपली घेऊन आली होती. गोंतिए, होती ना टोपली?"

"होती. झाकलेली."

"जड होती?"

"येताना कोण बघतंय, सफरचंदाची दारू फिरत होती. निघताना मात्र दोन्ही हातांनी धरली होती तिने."

"ऐका! जिवंत वजन होतं ते. हिच्या मुलीला त्याच आठवड्यात जुळं झालंय. त्यातलं एक उचललं, टोपलीत घातलं, खोलीत नेऊन चिमटा काढला. झालं रडून!"

सभागृह हसलं. मागे भिंतीला टेकलेली हर्सेंट हसली नाही.

"काकासाहेब," फुल्क म्हणाला, "उद्या म्हणाल, मीच आत जाऊन ट्याहां केलं."

"रडायला हवं होतंस. बायको गेली होती तुझी." ऑस्बर्नचा आवाज चिरकला. "जिन्यावरून पडली म्हणे. दिवस गेल्यापासून चौथ्यांदा."

हशा थांबला. फुल्कची मान लाल झाली.

"जिन्याचा खटला नाही हा," न्यायाधीश म्हणाला.

"मग हिलाच विचारा! ही उभी आहे इथे!"

"बाईला विचारायचा रिवाज नाही."

फुल्क सावरला. "तिने बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला, महाराज. मग आईच्या कुशीत ठेवून दोघांना एकाच आच्छादनात शिवलं. पाद्रीबाबांनी तसंच पुरलं. मेलेल्या मुलाला कोणी बाप्तिस्मा देतं का?"

ऑस्बर्न खाली बसला. बारा जणांनी संताच्या पवित्र अस्थींच्या पेटीवर हात ठेवून शपथ घेतली. जमीन फुल्कला मिळाली.

कारकुनाने कोरी जागा भरली: जन्मलं, रडलं, मेलं.

दुपारी ऑस्बर्न हर्सेंटच्या झोपडीत शिरला. चुलीपाशी तिची मुलगी एका बाळाला पाजत होती. दुसरं पाळण्यात झोपलं होतं.

"काय दिलं गं त्याने तुला?"

"काही नाही, धनी."

"फुकट खोटं बोललीस?"

"मी बोललेच कुठे? बोललेत ते बारा बाप्ये."

ऑस्बर्न बाकावर बसला. एकदम म्हातारा दिसू लागला.

"जमीन मला माझ्यासाठी नको होती, हर्सेंट. हाविझचं मूल जगलं असतं, अगदी मुलगी असती, तरी मी मरेपर्यंत तिच्यासाठी बांधाचे दगड उचलले असते. त्या फुल्कच्या हाती नको, एवढंच."

हर्सेंट त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने रस्त्यावर नजर टाकली, दार लावलं आणि अडसर घातला.

"हे तिथे का नाही बोललात?"

"कोण ऐकणार होतं?"

"मी होते की."

"मग आता तू सांग. तुला कोणी विचारलं नाही, मी विचारतो." त्याने पाळण्याकडे बोट केलं. "या दोघांतलं कुठलं नेलंस टोपलीतून?"

हर्सेंट वाकली. पाळण्यातलं बाळ उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हाविझकडे जाताना टोपली रिकामी होती, धनी," ती म्हणाली. "माझ्या मुलीला एकच झालं."