मिटलेले डोळे
ऑफिस, बाळ आणि स्वयंपाक यांच्या कचाट्यात सहा महिने तिची प्रार्थना झाली नव्हती. डोळे मिटले की झोपच लागायची. लंगोट वाळत घालताना तिने हे फक्त थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. “कुणाला सांगू नका हं, ताई.” “वेडी का तू? माझ्या पोटातलं ओठांवर येत नाही.” रविवारी चर्चमध्ये कुणासाठी प्रार्थना करायची असं पाळकांनी विचारताच जाऊबाई घसा खाकरत उठल्या. “आमच्या धाकटीचा विश्वास थंडावलाय. बिचारी प्रार्थनाच करत नाही.” माना वळल्या. सगळ्यांनी तिच्यासाठी डोळे मिटले. तिने उघडेच ठेवले. छातीशी बाळ, हातात सँडल, अशी ती बाहेर पडली. पायरीवर भिंतीला पाठ टेकून बसली. आतून तिचंच नाव ऐकू येत होतं. तिने डोळे मिटले. आज झोप लागली नाही. “प्रभू, तू तरी कुणाला सांगू नकोस.”