यंत्रातल्या बाईचा 'ळ'

शैलजाबाईंनी टॅबलेटवर बोट टेकवलं आणि यंत्रातली बाई सपाट आवाजात बोलली, "मुलांनो, आज आपण नवी कविता शिकू."

सहावीचा वर्ग चिडीचूप झाला. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज कायमचा गेला होता. त्यांची कविता ऐकायला एके काळी शेजारचा वर्गही कान देऊन बसायचा. आता त्या लिहिणार आणि टॅबलेट बोलणार. "एकदा जाऊन तर बघ, आई," म्हणत लेकीने तो आणून दिला होता.

बाईंनी पहिली ओळ लिहिली. यंत्र म्हणालं, "तल्याकाठी बाभूल, बाभलीवर बगला."

वर्ग खदखदून हसला. बाईंचे कान तापले. याचसाठी आलो का आपण? त्यांनी टॅबलेट बंद करून पिशवीत घातला.

पहिल्या बाकावरची रुक्साना उठली. "बाई, तिला 'ळ' येत नाही. मलाही कुठे येत होता? तुम्हीच रोज घोटून घेतलात. आता तिला आम्ही शिकवतो."

बाईंनी पिशवीत हात घातला. मग टॅबलेट पुन्हा बाहेर निघाला.

"तल्याकाठी," यंत्र म्हणालं.

"तळ्याकाठी!" सगळा वर्ग गरजला. प्रत्येक ओळीला तेच. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

तास संपला तेव्हा रुक्सानाने विचारलं, "बाई, उद्या येणार ना?"

बाईंनी सावकाश अक्षरं जुळवली. यंत्र म्हणालं, "येणार. सगल्यांनी वेलेवर या."

"सगळ्यांनी! वेळेवर!" मुलं ओरडली, आणि बाई आवाजाविना, पण पोट धरून हसल्या.